दोन्हींपैकी कोणती नोंद ठेवायची?

एका चष्म्याच्या दुकानाला तीन कॉम्प्युटर कशाला लागतात, हा प्रश्न दुकान चालवणाऱ्या बाईंचा मावसभाऊ दर खेपेला चहा पिता पिता विचारत असे. उत्तर त्याला माहीत होतं. एक खाली दुकानात काउंटरवर, एक वरच्या मजल्यावर घरात, आणि तिसरा लॅपटॉप, वृद्धाश्रमात डोळे तपासायला जाताना पिशवीत टाकायला. पण तिन्हींवर गिऱ्हाइकांचे पत्ते वेगळे, भेटीच्या वेळा वेगळ्या, करायची कामंही वेगळी. शेवटी बाईंनी एका गिऱ्हाइकाला दोनदा बोलावलं आणि दुसऱ्याला साफ विसरल्या, तेव्हा मावसभाऊ बाह्या सरसावून बसला. त्याने तिन्ही यंत्रं एकमेकांशी जोडून दिली. एकावर लिहिलं की बाकीच्या दोन्हींवर आपोआप उतरणार.

एकाच माणसाची नोंद दोन ठिकाणी वेगवेगळी निघाली तर काय करायचं, असं त्याने विचारलं. शेवटी लिहिलेली आपोआप राहू द्यायची, की दर वेळी यंत्राने विचारायचं?

"मला विचारायला सांग," बाई म्हणाल्या.

"कंटाळशील, ताई."

"कंटाळेन. पण माझ्या पाठीमागे कुणी काही ठरवायला नको."

बाईंचा स्वभावच तसा. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नोंदीखाली त्या एक खासगी ओळ लिहीत. एका वकिलांखाली लिहिलं होतं, 'नाकावर चष्मा टिकत नाही, राग टिकतो.' कुणाखाली, 'मुलाचा विषय काढू नये.' डाव्या डोळ्याला त्या 'थोरला' म्हणत आणि उजव्याला 'धाकटा'. त्यांच्या आईचा डावा डोळा जरा मोठा दिसायचा, त्यावरून दोघी मायलेकींनी काढलेली ही थट्टा. ती आईला ठाऊक होती आणि बाईंना. तिसरं कुणी नाही.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. आईशी त्यांचं इतकं छान जमायचं की घरात आणखी कुणी असावं असं कधी वाटलंच नाही. आई गेली आणि घर खायला उठलं. वर्ष-दीड वर्ष कसंबसं काढून त्यांनी अनाथाश्रमातून तीन वर्षांची मुलगी घरी आणली. सापडेल ते खिशात कोंबायची म्हणून तिला खारू म्हणू लागल्या. आता खारू दुसरीत होती आणि बाईंचा जीव की प्राण होती. आई असती तर ही पोर या घरात आली नसती, हे बाईंना पक्कं माहीत होतं. त्या विचारापाशी त्या फार वेळ थांबत नसत.

जोडणी झाल्यावर काही आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी काउंटरवरच्या पडद्यावर चौकट आली. निवृत्त पोस्टमास्तरांच्या दोन नोंदी निघाल्या होत्या. डावीकडे बाईंनी लिहिलेली होती, काळी फ्रेम. उजवीकडे तपकिरी फ्रेम, आणि खाली ओळ, 'थोरल्यात मोतीबिंदू धरायला लागलाय.' दोन्हींपैकी कोणती नोंद ठेवायची?

बाईंनी असलं काही लिहिलं नव्हतं. आपल्याच विसराळूपणावर चरफडत त्यांनी डावीकडची ठेवली. पण पोस्टमास्तर काळ्या फ्रेमचा स्क्रू घट्ट करून घ्यायला आले, तेव्हा त्यांना राहवलं नाही. खुर्चीत बसवून त्यांनी डावा डोळा नीट पाहिला. मोतीबिंदू होता. अगदी सुरुवातीचा, शोधायचा म्हणून शोधला तरच दिसणारा.

मग असं वरचेवर होऊ लागलं. नोंदी बाईंच्याच शब्दांत, बाईंच्याच थट्टेच्या सुरात, पण बाईंनी न लिहिलेल्या. मावसभावाने पासवर्ड बदलले, बाहेरून कुणी शिरतंय का ते पाहिलं. कुणी शिरत नव्हतं. सगळं वरच्या कॉम्प्युटरवरून लिहिलं जात होतं, शाळा सुटायच्या सुमाराला. त्या वेळी बाई खारूला आणायला शाळेच्या फाटकापाशी असत आणि घराला कुलूप असे. खारूचा उद्योग असेल, असं तो हसत म्हणाला. खारू तर माझ्या हाताला धरून चाललेली असते, हे बाईंनी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याचं हसू मावळलं असतं, आणि ते त्यांना बघायचं नव्हतं.

नंतर आईची नोंद आली.

ती बाईंनी कधी पुसली नव्हती. फक्त तिच्याखाली एक शब्द लिहिला होता. आता चौकटीत डावीकडे तो शब्द होता, 'गेली.' उजवीकडे लिहिलं होतं, 'बुधवारी दुपारी तपासणी. धाकट्यात थेंब घालायला विसरते, ओरडायला हवं.'

दुकानात कुणी नव्हतं. पंखा फिरत होता. बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. त्यांचा हात चुकला असं म्हणता येणार नाही. त्यांनी उजवीकडची नोंद ठेवली, आणि ठेवताना त्यांना फार बरं वाटलं.

बुधवारी दुपारी त्यांनी आईचा जुना नंबर लावला. कधीच बंद झालेला नंबर. दोनदा वाजला आणि उचलला गेला.

"अगं, खालीच आहेस ना?" आई म्हणाली. "मग फोन कसला करतेस? वर ये की."

बाई जिन्यापाशी गेल्या. वरून आवाज आला, चष्म्याची डबी मिटल्याचा. आईची डबी अशीच वाजायची. बाई दोन दोन पायऱ्या एकदम चढल्या. पाच वर्षांनी कुणी 'वर ये' म्हटलं होतं.

खोलीत कुणी नव्हतं. गादी नीट होती, खिडकी बंद होती. बंद करून ठेवलेला कॉम्प्युटर मात्र चालू होता, आणि पडद्यावर चौकट होती.

नोंद खारूची होती. डावीकडे शाळा, इयत्ता, रक्तगट, आणि खाली ओळ, 'दिवा मालवला की झोपत नाही.' उजवीकडे काहीच नव्हतं. नुसता कोरा चौकोन.

दोन्हींपैकी कोणती नोंद ठेवायची?

बाईंनी डावीकडची ठेवली. चौकट गेली आणि परत आली. त्यांनी पुन्हा डावीकडची ठेवली. ती पुन्हा आली.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पलीकडेही कुणीतरी बसलं आहे आणि तेही निवडतं आहे. पलीकडे आई आहे, थेंब विसरणारी. आणि तिच्या लेकीच्या पडद्यावर कुण्या अनोळखी मुलीची नोंद मध्येच येऊन पडली आहे. ती लेक म्हणजे दुसऱ्या बाईच, आई असल्यामुळे जिच्या घरात खारू कधी आलीच नाही; ही कोण, असं म्हणून ती ही नोंद पुसते आहे. बाईंनीही पुसलीच असती. तिचं काही चुकत नव्हतं.

एक घेतलं तर दुसरं जाणार होतं. हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

बाईंनी आईची नोंद उघडली. थेंबांची ओळ पुसली. तिच्या जागी पुन्हा 'गेली' असं लिहिलं. हा शब्द आयुष्यात दुसऱ्यांदा लिहावा लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांना रडू कोसळलं.

खारूची चौकट परत आली नाही. पडद्यावर अक्षरं उमटली, सर्व नोंदी जुळल्या. बाईंनी तिन्ही यंत्रांच्या वायरी काढल्या. आपण लिहिलेलं सगळीकडे उतरतं, पलीकडेही, हे त्या वेळी त्यांच्या डोक्यात आलंच नाही.

दोन दिवस खारूला त्यांनी नजरेआड होऊ दिलं नाही. शाळेच्या फाटकाबाहेर त्या दिवसभर उभ्या राहिल्या. खारू नेहमीसारखी बाहेर आली, नेहमीसारखी खिशातून खडे काढून दाखवत घरी चालली. तिसऱ्या दिवशी बाई जरा सावरल्या. दुकान उघडलं. शाळा सुटायच्या वेळी पोस्टमास्तर मोतीबिंदूबद्दल विचारायला आले आणि बाईंना निघायला थोडा उशीर झाला.

फाटकापाशी पोचल्या तेव्हा अंगण रिकामं होतं. शाळेचा म्हातारा पहारेकरी कुलूप लावत होता. बाईंना बघून तो थांबला.

"काही राहिलं का, बाई?"

"खारू कुठंय?"

"आत्ताच तर तुम्ही घेऊन गेलात." त्याने बाईंच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. "मी विचारलं नाही का तुम्हाला, डोळे एवढे सुजलेत, बरं नाही का म्हणून? तुम्हीच म्हणालात, बुधवारी आई गेली, आता घरात कुणी नाही."