शेवटचा नट

गाडी आमच्या गॅरेजात आली ती बोंब मारतच. जुना सायलेन्सर मधोमध फुटलेला. आणि उतरलेला माणूस मात्र इतका हळू बोलणारा, की दोनदा विचारावं लागलं. गाण्याचे मास्तर होते. मागच्या सीटवर बाहेरच्या कंपनीचा नवाकोरा, चकचकीत सायलेन्सर.

"आवाज थोडा खर्जातला हवा," म्हणाले.

"गाडी चालवायचीय, की गायला बसवायचीय?"

हसले... गालाला खळी पडली. मी नजर काढून घेतली. मला काय करायचंय खळीशी!

त्या दिवशी खळी परवडणारच नव्हती. बाबांची पाठ धरलेली. खुर्चीतूनच बजावलं होतं, "हे काम तू कर. खडखडत परत आलं, तर गॅरेज काकाच्या हातात." काका टपूनच बसलेला. शाळा मी चौथीत सोडली, पण पाना सोडणाऱ्यातली मी नव्हे.

गाडी ठोकळ्यांवर चढवली, खाली सरकले, जुना सायलेन्सर उतरवला. नव्याचा पाइप ज्या रबरांना टांगायचा, त्यांना साबणाचं पाणी लावलं. पण एवढा लांब पाइप एका हातानं पेलेना. तर मास्तर पांढऱ्या शर्टानिशी शेजारी येऊन आडवे!

"धरू?"

"धरा. हलायचं नाही."

"श्वास घेतला तर चालेल?"

"हळू."

मी मागे वळले तेवढ्यात मदत म्हणून त्यांनी पुढचा नट करकचून आवळला. पाइपचं शेपूट बंपरला टेकलं.

"हा शहाणपणा कुणी सांगितला? आधी सगळे नट सैल, हातानं. पाइप सरळ बसला, की मग पान्यानं."

"म्हणजे... घाई नाही करायची."

"नाही."

"बरं," म्हणाले – आणि बघत होते ते पाइपकडे नव्हे. माझे कान तापले.

शेवटचा नट उरला. मनात आलं, अर्धा आटा सैल सोडला तर आठवड्यात खडखडेल... गाडी परत येईल. म्हणजे, गाडीचा मालक.

हात थबकला. मग दात-ओठ खाऊन आवळला. माझं गॅरेज घालवून मिळणारा माणूस मला नको होता.

गाडी सुरू केली. खोल, भरदार आवाज, कुठे खुट्ट नाही. बाबा म्हणाले, "काकाला सांग, दुसरीकडे काम बघ."

मास्तरांचं तोंड मात्र उतरलेलं. "आता ही खडखडणारच नाही?"

"जन्मात नाही. यायचं असेल तर गाडीच्या आडून यायचं नाही. तोंडानं सांगून यायचं."

दुसऱ्या दिवशी दारात उभे. चालत आलेले, घामाघूम.

"गाडी कुठंय?"

"घरी. तिला कुठं काय झालंय... झालंय ते मला."

बाबा खोकले. मी पाना खाली ठेवला नाही.

"मग दारात काय उभे? आत या. पुढच्या गाडीचा पाइप धरायला माणूस हवाच आहे."

आले. अजून धरतात – आणि अजून विचारतात, श्वास घेऊ का म्हणून.