पाठ केलेली अक्षरं

त्या चष्म्याच्या दुकानात मी खोटं बोलायची पूर्ण तयारी करूनच शिरले होते.

अमरावतीच्या बाजारात बाबांचं फुलांचं दुकान आहे आणि लग्नाचे हार मी ओवते. पंधरा दिवसांपासून सुईत कळी घालताना डाव्या डोळ्यासमोर धूसर डाग यायचा. रविवारी अकोटचं स्थळ पाहायला येणार होतं. आईचा हुकूम होता, "नंबर वाढला असन, चष्मा कर. अन् शुगरचं तोंडातून काढू नको." मला दहावीपासून शुगर आहे. इन्सुलिन मी न्हाणीघरात दार लावून घेते... नऊ वर्षं.

दुकानात माझा नंबर येईपर्यंत तपासणीच्या खोलीच्या अर्धवट उघड्या दारातून पडद्यावरची अक्षरं दिसत होती. उजव्या डोळ्यानं मी ती वाचली आणि पाठ केली. परीक्षेत नापास व्हायची भीती म्हणतात ना, तसं.

तपासणारा तरुण होता. कुलदीप, खिशावर नाव होतं.

"उजवा डोळा झाका. वाचा मॅडम."

"र, ग, म, स, द," मी धडाधड म्हणाले.

त्यानं एकदा पडद्याकडं पाहिलं.

"बम भारी वाचलं," तो म्हणाला. "फक्त... मी आता आकडे लावले हायेत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"शुगर हाये काय तुमाले?"

"नाई."

"मॅडम, मी पोरगी पाहाले नाई आलो. मी डोळे पाहून राहिलो."

मग मला रडूच आलं, आणि सगळं सांगून टाकलं.

"डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो कधी काढला होता? शुगरवाल्यानं दरवर्षी काढाचा असते."

"एकदाही नाई."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

बाहुली मोठी व्हायला त्यानं डोळ्यांत थेंब घातले. चांगलेच झोंबले. वीस मिनिटं डोळे मिटून बाकावर बसायचं होतं.

"भेव वाटून राहिलं," मी म्हणाले.

"कशाचं?"

"हा अंधार असाच राहिला तर..."

बाजूला बाक करकरला. तो येऊन बसला होता, हातभर अंतर ठेवून.

"बोलत राहा. ओवाले सगळ्यात कठीण फूल कोणतं?"

"उमललेला मोगरा. हात लागला की मळते."

"मंग लग्नात लोक मोगऱ्याचाच हार काहून मांगतात?"

"तुमी तुमच्या लग्नात नोका मांगू."

"माह्या हातात थोडी हाये? पोरगी म्हणन ते... हसल्या तुमी!"

"तुमी पाहून राहिले काय माह्याकडं?"

"डोळे मिटलेल्या माणसाकडं पाहाले सोपं जाते," तो हळूच म्हणाला. माझे कान तापले. त्या क्षणापुरती भीती जरा मागे सरली, खोटं कशाला बोलू?

फोटोत लाल ठिपके होते. डाव्या डोळ्यात, अगदी मधोमध, पिवळट वलयसुद्धा. त्यानं पेनानं एकेक दाखवलं.

"घाबरू नोका असं मी म्हणत नाई. मीच घाबरलो. पण डोळ्याच्या डॉक्टरले आजच दाखवा. घरी कोणाले फोन करू?"

"बाबांले."

बाबा कपाळावर घाम घेऊन आले आणि मला डोळ्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, पडद्याला सूज आहे, दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन लागेल. नजर वाचेल बहुतेक. त्या 'बहुतेक'नं मला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी कुलदीपचा फोन आला, मग रोजच. आधी नुसती शुगर विचारायचा. मग जेवण. मग काहीच कारण नसायचं.

रविवारी पाहुणे आले. पोहे आले, चहा आला. मुलाच्या आत्यानं विचारलं, "तब्येत-पाणी ठीक ना पोरीचं?" आईनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

"मले शुगर हाये. डाव्या डोळ्यात सूज हाये. उद्या पहिलं इंजेक्शन."

माणसं पाचेक मिनिटांत उठली. आई म्हणाली, "आता कोण करन तुले?" आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी गच्चीवर जाऊन फोन लावला.

"मी सांगतलं त्याइले."

"मंग?"

"गेले. पोहे अर्धेच खाल्ले."



"पौर्णिमा," मॅडम नाही, पहिल्यांदाच नाव, "यापुढं तुमचे डोळे मी तपासणार नाई. दुकानातल्या दुसऱ्या मॅडम पाहतीन."

"काहून? तुमालेही...?"

"तपासणाऱ्यानं पेशंटले मागणी घालाची नसते. म्हणून."

मी गच्चीच्या कठड्याला घट्ट धरलं.

"फोटो तुमी सोताच्या डोळ्यानं पाहिला. उद्या नजर गेली तर?"

"पाहिला, म्हणूनच इचारून राहिलो. मलेही भेव वाटते. पण तुमी एकट्याच भेवून राहाल अन् मी इकडं चष्मे पुसत बसीन... ते नाई जमत मले."

माझी भीती तीळभरही कमी झाली नाही. उलट गमावण्यासारखं आणखी एक माणूस वाढलं. खाली आई भांडी आपटत होती.

"तुमच्या आईले घेऊन या," मी म्हणाले, "अन् पोहे पुरे खा लागतीन."