आंब्याच्या पेटीवरचा लाल दिवा

“मासूमा, तुझ्या भावाच्या फटफटीचा मागचा दिवा लागत नाही गो! काल मिरजोळ्याच्या उतारावर आमच्या गाडीवाल्याने कासरा खेचलान म्हणून बरं. नाहीतर बैलच फटफटीवर चढले असते.”

शेजारच्या यमुनाबाई कुंपणापलीकडून हे म्हणाल्या तेव्हा मासूमा करवंदं निवडत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही.

“दिवा लागतो, यमुनामावशी! भाई निघतो तेव्हा मी रोज बघते. तुमच्या गाडीवाल्यालाच डुलकी लागली असेल.”

यमुनाबाई घरात गेल्या, आणि मासूमाही ते विसरून गेली. बारा वर्षांच्या मुलीला मे महिन्याच्या सुट्टीत विसरायला पुष्कळ काही असतं.

शनिवारी तिचा भाऊ फारुक फटफटी ढकलत घरी आला. उजवं कोपर सोललेलं, सदऱ्यावर आंब्याचा रस, धूळ अडवायच्या चष्म्याची एक काच तडकलेली. संध्याकाळी तो रोज हातखंब्याला आंब्याच्या पेट्या नेत असे आणि तिठ्यावर थांबणाऱ्या गाड्यांच्या उतारूंना विकत असे. आज उतारावर चिऱ्यांनी भरलेली एक लॉरी मागून अंगावर आली होती. फारुकने फटफटी गटारात घातली म्हणून निभावलं! लॉरीचा ड्रायव्हर सखाराम खाली उतरून ओरडला, “मागे दिवा नाही, वळताना हात दिसत नाही! गाडी चालवतोस की लपाछपी खेळतोस?” एवढ्यावर न थांबता तो चौकीवर तक्रारही देऊन आला.

अम्मीने कोपराला हळद लावली. लावून झाल्यावरही तिने ते कोपर बराच वेळ सोडलं नाही.

“अम्मी, दिवा लागतो!” फारुक म्हणाला.

“मग त्याला दिसला का नाही?”

मासूमाला यमुनाबाईंचं कुंपणापलीकडचं बोलणं आठवलं.

दुसऱ्या दिवशी हवालदार हरिश्चंद्र येऊन बजावून गेले. “पुन्हा तक्रार आली तर फटफटी चौकीत जमा! समजलं?” फारुकला फटफटीची काळजी लागली. मासूमाला लागली ती वेगळीच. पुढच्या वेळी रस्त्याच्या कडेला गटाराऐवजी दरी असली तर?

तिने आपल्या दोन्ही दोस्तांना बोलावून घेतलं. एक विठू, सायकल दुरुस्त करणाऱ्या आत्मारामकाकांचा मुलगा. त्याच्या खिशात चण्यांपेक्षा नट-बोल्ट जास्त असत. दुसरी मथुरा, यमुनाबाईंची नात. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती सूर्य उगवल्याचंही मान्य करत नसे.

“दिवा अंगणात लागतो आणि उतारावर विझतो,” मासूमा म्हणाली. “असं कसं?”

“भूत!” विठूचे डोळे मोठे झाले. “उतारावरचं भूत फुंकर मारतं!”

“विजेच्या दिव्याला फुंकर? मेल्या, तू दुकानात नक्की शिकतोस तरी काय?” मथुरा म्हणाली.

संध्याकाळी तिघं अंगणात फतकल मारून बसली. मासूमाचे गुलाम रसूलमामू पेट्या बांधत होते. मामूंनी तीस वर्षं जहाजावर काढली होती आणि त्यांच्या गाठीला हात लावायची राजिवडा मोहल्ल्यात कोणाची टाप नव्हती. आधी त्यांनी मागच्या कॅरियरवर पेंढ्याची जाडजूड गादी घातली, खड्ड्यांनी आंबा डागू नये म्हणून. गादीवर तीन पेट्या चढवल्या. धूळ बसू नये म्हणून वरून शिडाचं जुनं कापड टाकलं आणि काथ्याच्या दोरीने सगळं करकचून आवळलं.

फारुकने दिवा लावला. कापडाच्या काठाखाली तो लालचुटुक दिसत होता.

“बघा! लागतोय की नाही?” मामूंनी मिशीवरून हात फिरवला. “आणि माझी गाठ सुटायची नाही. वादळात सुटली नाही, ती तुमच्या त्या उतारावर सुटणार?”

मथुराने खिशातून खडू काढला आणि कापडाच्या काठाबरोबर मडगार्डवर एक रेघ ओढली.

“हे काय गो?”

“काही नाही, मामू. हिशेबाची वही घरी विसरले!”

मामू समजूतदारपणे हसले. तेवढ्यात तिघं विठूच्या दुकानातल्या दोन सायकली घेऊन पसार झाली. फारुक मिरजोळ्याच्या फाट्यावरच्या हॉटेलात रोज चहाला थांबत असे. त्याच्या आधी तिथे पोचायचं होतं! चढावर विठूचा ऊर फुटायची वेळ आली, कारण मागे मथुरा बसली होती आणि वेग वाढवायच्या सूचना देत होती.

फटफट आवाज करत फारुक आला, गाडी उभी करून आत गेला. दिवा त्याने चालूच ठेवला होता. तिघं मागच्या बाजूला धावली.

मागे दिवा दिसतच नव्हता.

“खडूची रेघ कुठाय?” मासूमाने विचारलं.

मथुराने वाकून कापड उचललं. रेघ कापडाखाली, चांगली चार बोटं आत! आणि तिच्याही खाली बिचारा दिवा जळत होता, कापडाच्या पोटात.

“गाठ सुटलेली नाही,” विठू दोरी चाचपत म्हणाला. “पेंढा दबलाय! तीन मैल खड्डे खाऊन गादी बसली, पेट्या खाली आल्या, कापड दिव्यावर आलं!”

“म्हणून अंगणात कोणालाच कळत नाही,” मासूमा हळूच म्हणाली. रोज ती अंगणातच बघत होती.

फारुकने चहाचा कप हातात घेऊनच हे सगळं ऐकलं. कापड वर खोचलं, दोरी ओढली आणि म्हणाला, “झालं! एवढ्यासाठी सायकली दामटत आलात?”

“पुढच्या तीन मैलांत परत दबेल, भाई!”

“बरं बरं. घरी जा आता, काळोख होईल.” आणि गेलासुद्धा!

पेंढा काढला तर आंबा डागणार, कापड काढलं तर धूळ बसणार. मग उपाय एकच. दिवा मडगार्डवर न ठेवता ओझ्यावरच हवा! ओझं खाली गेलं तर दिवाही त्याच्याबरोबर खाली जाईल, पण झाकला जाणार नाही.

पेट्यांच्या मागे बांधायला विठूने एक फळी तासली. मधे एक दिवा नेहमीचा, त्याच्याच शेजारी दुसरा फक्त ब्रेक दाबल्यावर पेटणारा, आणि दोन टोकांना दोन पिवळे, वळण्याच्या इशाऱ्याचे, हँडलवरच्या बटणांनी उघडझाप करायचे. पेट्यांच्या आडून फारुकचा हात दिसत नव्हता ना! विठूने पहिल्यांदा टॉर्चचा बल्ब लावला. फट्! बल्ब काळा पडला.

“गाडीची बॅटरी सहा व्होल्टची रे, शहाण्या,” आत्मारामकाका चाकात आरे घालता घालता म्हणाले. “टॉर्च तिच्यापुढे लिंबूटिंबू. ते कपाटातले बल्ब घे. आणि ब्रेकचं काय करणार?”

“पायाच्या ब्रेकला पितळेची पट्टी. दाबला की दुसऱ्या पट्टीला टेकेल, सोडला की स्प्रिंग तिला मागे ओढेल.”

आत्मारामकाकांचे हात थांबले. “कोणी सांगितलंन तुला हे?”

“विजेच्या घंटेच्या बटणाने!” विठू म्हणाला.

पिवळा जिलेटिनचा कागद मथुराने दिवाळीच्या आकाशकंदिलातून काढून आणला. लाल दिवा मात्र वाटभर जळणार, त्याच्या उष्णतेत कागदाचं काही खरं नव्हतं. लाल काच हवी होती. तशी काच सगळ्या राजिवड्यात एकच होती, मामूंच्या खोलीत टांगलेल्या जहाजाच्या दिव्याची. त्या दिव्याला हात लावायची परवानगी अम्मीलासुद्धा नव्हती!

मासूमा चोरपावलांनी गेली नाही. सरळ जाऊन मामूंसमोर बसली.

“मामू, हा दिवा जहाजावर कुठे असायचा?”

“डाव्या अंगाला. रात्री समोरच्या जहाजाला आपली बाजू कळायला हवी. लाल दिसला म्हणजे डावं अंग.”

“त्याच्यावर पोती रचायचे का?”

“पोती?” मामू भडकले. “दिव्यावर पोती? असा खलाशी मी पहिल्या बंदरात उतरवला असता!”

मासूमाने अंगणातल्या शिडाच्या कापडाकडे बोट दाखवलं. मामूंचा हात मिशीकडे निघाला, पण अर्ध्यावरूनच परत आला. ते उठले, दिवा खाली उतरवला आणि फडक्याने पुसून काच तिच्या ओंजळीत ठेवली.

“फोडू नकोस,” एवढंच म्हणाले.

मामूंना विचारूनच आत्मारामकाकांनी काच कापून तिचे दोन तुकडे केले. तार फटफटीला एका प्लगने जोडायची होती, म्हणजे पेट्या उतरवताना फळी सुटी करता येईल. सगळं झकास झालं! आणि पहिल्याच दिवशी फारुक प्लग न जोडता निघून गेला.

“घाईत राहिलं,” तो परत आल्यावर म्हणाला.

“घाईत राहिलं म्हणे!” मथुरा फणफणली. “मासूमा, तुझा भाऊ काय विसरत नाही, ते सांग.”

“धुळीचा चष्मा. त्याच्याशिवाय तो फाटकाबाहेर पडत नाही.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून चष्म्याचा पट्टा प्लगच्या तारेला बटणाने अडकवलेला होता! चष्मा घ्यायचा तर आधी प्लग हातात येणारच. जोडला की बटण काढून पट्टा मोकळा. फारुकने तिघांना शिव्या घातल्या, पण प्लग जोडला.

आता तक्रार मिटवायची होती. हवालदारांना तयार करून मथुराने लॉरीच्या थांब्यावर सखारामला गाठलं.

“तक्रार तुमची ना? मग तपासायलाही तुम्हीच चला! हवालदारकाका येतायत.”

“मी? पोरांच्या खेळण्यामागे?”

“घाबरलात होय?”

सखाराम घाबरला नव्हता. त्यामुळे त्याला यावंच लागलं. संध्याकाळी लॉरीत तो, हवालदार आणि तीन मुलं अशी पाच माणसं कोंबली गेली. मासूमा खिडकीशी होती. पुढे धुळीच्या लाल ढगात फारुक होता, म्हणजे असावा. पेट्या, माणूस, फटफटी सगळं धुळीने गिळलं होतं. यमुनामावशींच्या गाडीवाल्याला काय दिसलं असेल, ते तिला आता कळलं. काहीच नाही!

पण त्या धुळीत एक लाल ठिपका ठाम होता.

फाट्याजवळ उजवा पिवळा दिवा उघडझाप करू लागला. “हॉटेलात वळतोय,” सखाराम म्हणाला आणि त्याने आपण होऊन वेग कमी केला. “अरेच्चा! हे बरं आहे की!”

चहा पिऊन फारुक पुन्हा पुढे निघाला. उतार लागला. लॉरी चिऱ्यांच्या वजनाने पळू लागली. आणि एकाएकी लाल ठिपक्याशेजारी दुसरा भडकला!

“ब्रेक! ब्रेक दाबलाय त्याने!” विठू किंचाळला.

सखाराम अक्षरशः ब्रेकवर उभा राहिला. चाकं कर्कश ओरडली, मागचे चिरे धडधडले, हवालदारांची टोपी काचेवर आपटली. लॉरी थांबली. समोर दहा हातांवर फारुक एक पाय टेकून उभा होता, आणि त्याच्यापुढून सात-आठ म्हशी अतिशय निवांतपणे रस्ता ओलांडत होत्या.

मासूमाने विठूचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की त्यावर बोटं उमटली होती.

“शनिवारी हे असतं तर...” सखारामने कपाळ पुसलं आणि वाक्य अर्धंच सोडलं. मग खाली उतरून तो फळीपाशी गेला. “माझ्या लॉरीचाही मागचा दिवा चिखलाने भरतो. मला असलं एक करून द्याल?”

“आधी तक्रार मागे!” मथुरा म्हणाली.

“घेतली!”

हवालदारांनी टोपी सरळ केली. “मी गाडी जप्त करायला निघालो होतो. तुम्ही तिघांनी कारण शोधलंत. शाबास! चौकीतल्या सगळ्यांना हे दाखवायला हवं.” मामूंना कळलं तेव्हा त्यांनी अख्ख्या राजिवड्याला सांगितलं की काच त्यांच्या जहाजाची होती. अम्मीने तिन्ही मुलांच्या पानात गोड खांडवी वाढली आणि फारुकला म्हणाली, “तुला नंतर. आधी ह्यांना.”

फारुक त्यानंतरही अधूनमधून प्लग विसरायचा. माणसं विसरतातच. तेव्हा वाचकहो, तुमच्या घरातून कोणी दिवेलागणीला गाडीवर ओझं बांधून निघत असेल, भाऊ, बाबा, मामा, कोणीही, तर त्यांच्या “लागतो की दिवा!” वर जाऊ नका. आणि अंगणातूनही बघू नका. सायकल काढा, पहिल्या फाट्यापर्यंत पुढे जा, आणि ते आले की मागून एकदा नीट बघा. आजच बघा.