मशीन ठणठणीत होतं

मी कानाची मशीनं दुरुस्त करतो. दिवसभर गिऱ्हाइकं माझ्यावर ओरडतात, मी त्यांच्यावर ओरडतो, आणि शेजारच्या चष्मेवाल्याला वाटतं, या पोराचं रोज कुणाशी ना कुणाशी भांडण लागतं.

त्या म्हाताऱ्याचं उलटंच. पहिल्यांदा आला तेव्हा खुर्चीत बसला, मशीन काढून माझ्या हातात दिलं आणि हळूच म्हणाला, "मशीन उत्तम आहे रे. फक्त त्या बाईंना जरा गप्प कर."

"कुठल्या बाई, आजोबा?"

"तुझ्या मागे बोलतायत त्या."

माझ्या मागे भिंत होती. म्हटलं, वय झालं की व्हायचंच असं. नळी साफ केली, बारीक आवाज कमी केले. त्याने कानात घालून पाहिलं. "हां, आता कमी झालं."

दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा हजर! तक्रार काही नाही. मुलगी कामाला जाते, भिंतींशी किती बोलणार, म्हणे. मग रोजच यायला लागला. माझ्याबरोबर जेवायचा, माझ्या वाढलेल्या केसांवरून टोमणे मारायचा, आणि खुर्ची करकरत मागे सरकवून उठायचा. आई जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. एकटा असलो की डबा उघडायचो आणि तसाच बंद करायचो. म्हातारा समोर असला की चार घास जायचे. आईबद्दल मात्र मी त्याला अवाक्षरही सांगितलं नव्हतं.

एकदा जेवताना त्याने विचारलं, "हा भोपळ्या कोण रे?"

हातातला घास मी डब्यात परत ठेवला. भोपळ्या मला फक्त आई म्हणायची, तेही घरात.

"त्या बाई सारखं विचारतात, भोपळ्या, जेवलास का?"

त्याचं मशीन घेऊन कमी केलेले आवाज पहिल्यासारखे करून दिले. "आई, जेवलो गं! हा काय, जेवतोय!"

म्हातारा कान देऊन बसला. मग त्याने माझ्या हातावर हात ठेवला. "तुझं त्यांना ऐकू जात नाही. म्हणतात, पोरगं रुसलंय."

मशीन हिसकावून स्वतःच्या कानात घातलं. पंख्याची घरघर, बस्स. मी लहान मुलासारखा रडलो.

"मीही सांगून बघितलं," म्हातारा म्हणाला. "इथून जमत नाही बहुतेक."

पुढच्या आठवड्यात तो आला नाही. त्याची मुलगी आली, हातात छोटी डबी. "बाबा झोपेतच गेले. हे तुम्हालाच द्यायला सांगितलं होतं त्यांनी."

ती गेल्यावर दार लावलं. मशीन कानात घातलं.

"रुसला नाहीये हो तो." म्हाताऱ्याचा आवाज. समोरच्या खुर्चीतून. "माझ्यासमोर जेवायचा रोज."

"मग माझ्याशी बोलत का नाही?"

आई.

"आई, बोलतोय गं! बोलतोय मी!"

"बोलतो हो तो. तुम्हाला ऐकू..."

आवाज बारीक होत गेला. सेल उतरला असणार. घाईघाईने झाकण उघडलं.

आत सेल नव्हताच. डबीच्या तळाशी होता, कापसात गुंडाळलेला.

हाताला सवय. मी तो बसवला, मशीन परत कानात घातलं.

पंख्याची घरघर. माझा श्वास. शेजारी चष्मेवाला कुणाशी तरी हसत होता. मशीन ठणठणीत होतं.

सेल पुन्हा काढून मशीन कानात घातलं. त्या दोघांचं काहीच ऐकू आलं नाही.

समोरची खुर्ची तेवढी मागे सरकली, म्हातारा जेवून उठताना सरकवायचा तशी. करकर झाली नाही.