बारवेतला अंतरा

मुंबईला सिनेमा बोलू लागला, तरी निजामाच्या मुलखात अजून मुक्याच फिती फिरत. तंबूत पेटी वाजवायची ती लोकांनी खाकरू नये म्हणून, असं बद्रीनाथ हसून सांगायचा. बीडच्या बाजारतळावरच्या या खेळात मात्र त्याची गरज होती. चकलांब्याच्या पायऱ्यांच्या बारवेत चित्र घेताना कॅमेरेवाल्यानं, चित्रात काम करणाऱ्या गायिका तुळजाबाईच्या गाण्याच्या लयीवर हँडल फिरवलं होतं. आता बद्रीनाथ तीच लय पेटीवर धरी आणि तिच्यावर बंकट चित्र दाखवायच्या यंत्राचं हँडल फिरवी. पेटी चुकली की पडद्यावरची बाई अडखळे.

चित्र होतं मोठी गवई होऊ पाहणाऱ्या बाईचं. शेवटी ती गात गात बारव उतरते आणि पाण्याच्या वरच्या पायरीवर चित्र संपतं.

"बुडती का गात ऱ्हाती?" तुळजाबाईनं तेव्हा विचारलं होतं.

"बघणाऱ्यानं ठरवावं," सिनेमा कंपनीचे साहेब म्हणाले.

आवाज उमटणार नव्हता, तरी ती जीव ओतून गायली. त्याच संध्याकाळी तिची वाचा गेली. सहा महिने हकीम झाले, काढे झाले. बारा वर्षं तिला साथ करूनही बद्रीनाथच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, आणि त्याचंच त्याला वाईट वाटे. आवाज परत येईल या आशेनं ती रोज खेळाला येई, पेटीशेजारी बसून स्वतःचे ओठ बघे.

बीडच्या खेळाच्या चौथ्या दिवशी पडद्यावरची बाई एक पायरी जास्त उतरली.

"फीत वाढवली का बे?" बद्रीनाथनं विचारलं.

"न्हाई. कालचीच हाय," बंकट म्हणाला.

पाचव्या दिवशी पाणी तिच्या घोट्याला लागलं. तिच्या ओठांवर एक अंतरा होता. तुळजाबाईचे ओठ बद्रीनाथला पाठ होते. हा अंतरा ती कधीच गायली नव्हती.

सातव्या दिवशी ती पुरती पाण्याखाली गेली.

ओठ चालूच होते.

मग तिनं डाव्या हाताचं बोट उचललं. सूर मागायची तुळजाबाईची ती खूण. बद्रीनाथनं सूर दिला.

पडद्याकडून आवाज आला. भरदार, ओळखीचा.

त्यानं मागं पाहिलं. बंकट हँडल सोडून, हात मांडीवर ठेवून ऐकत होता.

बद्रीनाथनं पेटीवरचे हात काढले. गाणं थांबलं नाही.

"बद्रीनाथ," शेजारून तुळजाबाई बोलली. सहा महिन्यांनी. आवाज बारीक, कोरा.

"ही बाई कोण हाय? लई गोड गाती. मला बी कुणी गाणं शिकवाया पायजे होतं."