तापांक

शलाका खरातच्या लॅपटॉपचा पंखा इतका घोंघावायचा, की शेजारच्या स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टीही तिला ऐकू यायची नाही. शेवटी एका रविवारी दुपारी तिच्या वडिलांनी, सांगलीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या हणमंतअप्पांनी, तो उघडलाच.

"मशीनचा श्वास कोंडलाय गं. किती दिवस सोसतीयास? डोकं उठत न्हाई?"

त्यांनी ब्रशने जाळीतली धूळ काढली, पंख्याचं पातं न् पातं पुसलं, प्रोसेसरवरची वाळून गेलेली उष्णतावाहक पेस्ट खरवडून नवी लावली. सोमवारी लॅपटॉप सुरू झाला तो मुकाट्याने. शलाकाला हायसं वाटलं. त्या शांततेत तिने आठवडाभरात, कंपनीकडे तपासायला येणारी रुग्णालयाची चारशे दहा डिस्चार्ज कार्डं तपासली आणि एका सहा वर्षांच्या मुलीच्या कार्डावर औषधाचा दसपट डोस छापलेला पकडला.

शनिवारी तिचा तापांक आला. शंभरपैकी नऊ. आधीच्या आठवड्यात ब्याऐंशी होता.

तापांक ही कंपनीची लाडकी युक्ती. घरून काम करणारे माऊस हलता ठेवून झोपा काढतात, असा साहेबलोकांना दाट संशय. म्हणून प्रत्येक लॅपटॉपच्या पोटात एक तापलेखक बसवला होता. यंत्र राबलं की तापतं, तापलं की पंखा जोरात फिरतो; दोन्हींची बेरीज म्हणजे माणसाचे श्रम. उष्णता खोटं बोलत नाही, असं ते छातीठोकपणे सांगत. शलाकाचं काम व्हायचं डोक्याने, आणि तापलेलं डोकं मोजायची सोय तापलेखकात नव्हती. इतके दिवस आपल्याला गुण मिळत होते ते तुंबलेल्या धुळीचे, हे आता तिला कळलं. पुढच्याच महिन्यात तिला कायम करणार होते.

तिने वरिष्ठांना, रेवती मॅडमना, स्पीकरवर फोन लावला.

"मॅडम, चारशे दहा कार्डं झालीत. ती डोसची चूकसुद्धा मीच..."

"दिसतंय गं. रुग्णालयाचं आभाराचं पत्रही आलंय. पण मशीन गार म्हणजे माणूस बसून, असंच सिस्टिम धरते. येत्या शनिवारी सत्तरच्या खाली आलीस, तर नाव आपोआप कमी होईल. माझ्या हातात काही नाही."

हणमंतअप्पा दारात उभे राहून सगळं ऐकत होते. चौतीस वर्षं त्यांनी तापलेली इंजिनं थंड केली होती. शलाकाला त्यांच्याकडे बघवेना. तुमची काही चूक नाही, एवढं म्हणायलाही तिची जीभ रेटेना. खरं तर तिला त्यांचा रागच आला होता, आणि त्या रागाची लाजही वाटत होती.

अप्पांनी पुठ्ठा कापून हवेच्या जाळीवर चिकटवला आणि लॅपटॉप दुलईवर ठेवला. दहा मिनिटांत पंखा भणभणायला लागला. पडद्यावरचा तापांकाचा आकडा चढत गेला: चाळीस, त्रेपन्न, एकाहत्तर. शलाकाने पुढचं कार्ड उघडलं. त्या आवाजात औषधाचं प्रमाण तिने तीनदा वाचलं, तरी खात्री होईना. शेवटी 'तपासले' असा शेरा मारून ती पुढे गेली.

अप्पांनी लॅपटॉपच्या कडेला हात लावून बघितला आणि चटकन मागे घेतला.

"पोरी, अजून कितीपर्यंत तापवू?"