सहनांक

माणूस आणि रानटी जनावर यांच्यातलं हजारो वर्षांचं भांडण अखेर मिटलं, असं सहजीवन प्राधिकरणाने २०४१च्या मार्गशीर्षात जाहीर केलं. घोषणेत माळघोल या गावाचं नाव आदर्श म्हणून घेतलं होतं. त्या सकाळी माळघोलच्या अक्काताई गुरव रिकामी घागर घेऊन परसदारी उभ्या होत्या आणि त्यांच्या नि विहिरीच्या मध्ये एक गवा उभा होता. भांडण मिटल्याचं दोघांनाही कळलेलं नव्हतं.

गवा म्हातारा होता. कळपाने बाहेर काढलेला, एका शिंगाचं टोक मोडलेला, आणि वजनाला चार बैलांइतका. विहिरीच्या थारोळ्यात साचलेलं पाणी पिऊन झालं तरी तो हलेना. अक्काताईंच्या मनगटावरची पट्टी एकदा थरथरली आणि तिचा दिवा हिरवा झाला. याचा अर्थ अक्काताई मजेत होत्या.

"आला व्हय गं?" आतून त्यांच्या नवऱ्याने, दत्तोबांनी विचारलं. दोन वर्षांपूर्वी याच गव्याने त्यांना उडवलं होतं. कंबरेचं हाड जुळलं, पण वाकडं. तेव्हापासून ते खाटेवरच होते.

"आलाय. गप पडा."

"त्याचं तरी काय चुकतंय? पाण्याला आलंय."

"मग तुमी या की त्याला सोबत."

साडेआठला वनपाल रेवती मगदूम मोटरसायकलवरून आल्या तेव्हा गवा नुकताच गेला होता. अक्काताईंनी मनगट पुढे केलं. हिरवा दिवा अजून चालू होता.

"मॅडम, ह्या पट्टीला डोळं न्हाईत का?"

"डोळे नाहीत, अक्का. तिला फक्त घाम कळतो."

हे खरं होतं. सहनपट्टी घामातलं तणावाचं रसायन आणि नाडीचे ठोके मोजत असे. परिसरातल्या सगळ्या गव्यांच्या गळ्यात संदेशपट्टे होते. एखादा गवा माणसापासून दोनशे मीटरच्या आत आला की यंत्र त्या माणसाचा त्या वेळचा तणाव आणि एरवीचा तणाव यांतला फरक काढी. फरक जितका कमी तितका गावाचा सहनांक मोठा. पूर्वी शास्त्रज्ञ एखाद्या कुरणाला किती जनावरं पेलवतील ते मोजत. आता गावाला किती पेलवतील ते मोजत होते. चाळीसच्या खाली सहनांक गेला की सौरकुंपण मंजूर. माळघोलचा सहनांक एक्क्याण्णव होता.

अक्काताईंना कुंपण हवं होतं ते घर आणि रान यांच्यामध्ये, फार तर चाळीस खांबांचं. विहीर कुंपणाच्या आत आली की झालं. दुसरं काही त्यांनी कधी मागितलं नव्हतं.

रेवतीताईंनी खरं तर आधी दुसराच मार्ग धरला होता. वरच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, गवताऐवजी रानमोडीचं तण माजलं होतं, पाणवठा आटला होता, म्हणून गवे खाली येत होते. सडा साफ करा, पाणवठा गाळ काढून मोकळा करा, असा प्रस्ताव त्यांनी तीन वेळा पाठवला. तिन्ही वेळा तो परत आला. शेरा एकच होता : प्रस्ताव गव्यांविषयी आहे, योजना माणसांविषयी आहे.

म्हणून या वेळी त्यांनी माणसांविषयी अर्ज केला. माळघोलच्या लोकांचा एरवीचा तणाव म्हणजे आधाररेषा मोजली गेली ती जूनमध्ये. त्या महिन्यात गावचा ट्रान्सफॉर्मर जळालेला होता, ओढ्यावरची मोरी वाहून गेल्यामुळे बस बंद झाली होती, आणि उपकेंद्रातल्या नर्सबाईंची बदली होऊन जागा रिकामी होती. लोक आधीच इतके वैतागलेले होते, की गवा येऊन त्यात भर पडायला जागाच नव्हती. यंत्राने त्याला सहनशीलता म्हटलं.

प्राधिकरणाचे डॉ. ओक स्वतः गावात आले. हुशार आणि सभ्य माणूस होता. ग्रामपंचायतीत चहा घेता घेता त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"तुमचा मुद्दा बरोबर आहे," ते म्हणाले. "आधाररेषाच चुकली आहे."

रेवतीताईंना अकरा वर्षांच्या नोकरीत हे वाक्य कुणी पहिल्यांदाच ऐकवलं होतं. त्यांनी बशीतलं बिस्किट उचललं.

"मग नवीन आधाररेषा घेऊ," डॉ. ओक पुढे म्हणाले. "त्यासाठी गाव सात दिवस शांत हवं. म्हणजे काय काय लागेल?"

सरपंच विलास डोणे खुर्चीत पुढे सरकले. "बस, साहेब."

"आणखी?"

"लाइट. चोवीस तास. आणि एक नर्सबाई."

डॉ. ओकांनी लिहून घेतलं. "वैज्ञानिक गरज आहे. मिळेल."

आणि मिळालं. बुधवारी सकाळी सात वाजता मोरीवर लोखंडी पत्रे टाकून बस गावात आली. पुढच्या पाटीवर 'पाटणघोल' लिहिलेलं होतं आणि त्यावर खडूने काट मारली होती, पण पाटी वाचायला कुणाला सवड नव्हती. लोक नुसतेच बसून तालुक्याला गेले आणि त्याच बसने परत आले. लाइट जाईना. अक्काताईंच्या शेजारच्या सुभद्राकाकूंनी तिसऱ्या दिवशी न राहवून स्वतःच मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करून पाहिला. नर्सबाईंनी दत्तोबांची कंबर तपासली आणि दोन वर्षांपूर्वी करायला हवे होते ते व्यायाम सांगितले.

रेवतीताई रोज आकडे बघत होत्या. आधाररेषा झपाट्याने खाली येत होती. आता त्या म्हाताऱ्या गव्याने नुसतं दर्शन दिलं तरी दिवे लाल होणार होते.

मात्र सहाव्या दिवशी सरपंचांनी देवळात बैठक बोलावली. रेवतीताईंना नि अक्काताईंना बोलावलं नव्हतं.

सरपंचांचं म्हणणं सरळ होतं. तीस वर्षांत गावाने मोर्चे काढले, निवेदनं दिली, आमदारांना फेटे बांधले. बस आली नाही. गव्यामुळे आली. उद्या सहनांक पडला तर कुंपण होईल, कुंपण झालं की गवा बंद, गवा बंद की फाईल बंद, आणि फाईल बंद की बस बंद. "गवा हाय तवर आपल्याकडं कुणीतरी बघतंय," ते म्हणाले. ह्यात चुकीचं काय ते कुणालाच सांगता येईना. शाळेचे गुरुजी प्राणायाम शिकवायला तयार झाले.

मंगळवारी सकाळी गवा आला.

अक्काताई तेव्हा विहिरीवर होत्या. घागर भरून वळल्या तर तो घर आणि त्यांच्यामध्ये. मागे रान, बाजूला विहीर. गव्याने मान खाली घातली आणि नाकातून फुस्स केलं.

माळघोलची रीत अशी, की गवा दिसला की ज्याच्या हाताला जे लागेल ते त्याने वाजवायचं. ताट, डबा, पत्रा, काहीही. दत्तोबांना उडवलं त्या दिवशीही शेजाऱ्यांनी ताटं बडवली म्हणूनच ते वाचले होते. अक्काताईंनी पूर्ण जोर लावून हाक मारली.

"सुभद्राऽ! ताट वाजीव गं!"

शेजारच्या गच्चीवर सुभद्राकाकू मांडी घालून बसल्या होत्या. डोळे मिटलेले, उजव्या हाताचा अंगठा नाकपुडीवर. पलीकडच्या गच्चीवर डोणे कुटुंब ओळीने बसलं होतं. देवळाच्या पायऱ्यांवर बाकीचं गाव. सगळे संथ श्वास घेत होते. सगळ्यांच्या मनगटांवर हिरवे दिवे.

रेवतीताई मोटरसायकल टाकून धावत आल्या, पण त्या घराच्या बाजूला होत्या नि मध्ये गवा होता. "अहो, वाजवा काहीतरी!" त्या ओरडल्या.

"हळू बोला, मॅडम," सरपंच डोळे न उघडता म्हणाले. "ठोकं वाढत्यात."

गवा दोन पावलं पुढे आला. घागर अक्काताईंच्या हातून सुटली, पण मातीत पडली; आवाजही धड झाला नाही.

तेवढ्यात घरातून ठण्ण झालं. मग पुन्हा ठण्ण, ठण्ण. दत्तोबा खाटेच्या लोखंडी पायावर पितळी तांब्या बडवत होते आणि सोबत शिव्या देत होते. त्यातल्या निम्म्या गव्याला होत्या. गव्याने कान फिरवले, थोडा विचार केला आणि विहिरीला वळसा घालून तो रानाकडे चालता झाला.

दुपारी निकाल आला. माळघोलचा सहनांक सत्त्याण्णव. राज्यात पहिला. लाल दिवा एकाच पट्टीचा होता; ती नोंद अपवादात्मक म्हणून वगळली होती. दत्तोबांना पट्टी दिलेलीच नव्हती, कारण ते घराबाहेर पडत नाहीत. कुंपणाची गरज नाही. उलट, गावाची क्षमता पाहता इतर ठिकाणचे सात गवे तिथे सोडावेत, असा आदेश होता.

रेवतीताईंनी डॉ. ओकांना फोन लावला.

"मॅडम, आधाररेषा तर आता तुमच्याच मागणीप्रमाणे घेतली आहे," ते खरोखर गोंधळून म्हणाले.

संध्याकाळी सुभद्राकाकू वाटीत पिठलं घेऊन अक्काताईंकडे आल्या. उंबऱ्याबाहेरच थांबल्या. "अक्का, बस बंद झाली असती गं. माझ्या लेकीचं कॉलेज..."

"ठेव तिथं," अक्काताई म्हणाल्या.

काकू गेल्यावर अक्काताईंनी मनगटावरची पट्टी सोडून आत बसलेल्या रेवतीताईंच्या हातात दिली. "गव्याचं आमी सोसलं असतं, मॅडम. त्यो जनावर हाय. पण उद्या मी हाक मारली, तर ह्या गावातलं कोण वाजवंल?"

रेवतीताईंनी पट्टीचा दिवा बंद केला. पट्टी खिशात टाकून त्या निघाल्या.

प्राधिकरणाने आयुष्यात पहिल्यांदा एक काम वेळेआधी केलं. त्याच संध्याकाळी सात गवे घेऊन ट्रक निघाला आणि वाटेत पाटणघोलच्या बसथांब्यापाशी पंक्चर झाला. थांब्यावर मनगटाला सहनपट्ट्या बांधलेली साठेक माणसं उभी होती. त्यांची बस आठवडाभर आलेली नव्हती, का येत नाही हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सात गळपट्टे आता त्यांच्यापासून वीस मीटरवर होते. पाटणघोलचा सहनांक अकरावर आला.

बुधवारी पंक्चर काढून ट्रक माळघोलला पोचला आणि माळघोलची बस पाटणघोलला परत गेली. गुरुवारी तिथे सौरकुंपण मंजूर झालं.

पाटणघोलात गवा आधीही येत नव्हता.